साखर आणि गुलामगिरी : एक ऐतिहासिक अवलोकन

संक्रांतीस तीळगूळ देऊन आपण एकमेकांस गोड बोलण्याची विनंती करतो. बारशास साखर वाटतो. मूल परीक्षेत उत्तीर्ण झाले की प्रथम साखरच त्याच्या हातावर ठेवतो. आनंदाचा एकही प्रसंग गोडावाचून साजरा होत नाही. परंतु ज्या पदार्थाने घरोघरचा आनंद गोड केला, त्याच पदार्थापायी सुमारे चारशे वर्षे माणसाने माणसास जनावराप्रमाणे बाजारात विकले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी असते.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस इतिहासविषयक लेख लिहिण्याची आज्ञा केली. आपल्या माळी समाजाच्या बागाईतीचा इतिहास आम्ही लिहावा, अशी मंडळाची अपेक्षा असावी. परंतु तो विषय आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी यापूर्वी हाताळला आहे. म्हणून ज्या पिकाने आपल्यातील अनेक कुटुंबांस सुस्थिती दिली, त्या उसाचा सातासमुद्रापलीकडील इतिहास वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. तो इतिहास गोड नाही. परंतु ज्या समाजात ‘गुलामगिरी’ या ग्रंथाचे कर्ते जोतीराव फुले जन्मास आले, त्या समाजाने तो जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

उसाचा प्रवास

ऊस हे मूळचे न्यू गिनी बेटाकडील गवत. परंतु त्याच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या प्रथम साधली ती आपल्या भरतखंडात. संस्कृतातील ‘शर्करा’ या शब्दाचे फारसीत ‘शकर’ झाले, अरबीत ‘सुक्कर’ झाले, आणि तेथून युरोपातील भाषांत जाऊन इंग्रजीत ‘शुगर’ झाले. शब्दाचा हा प्रवास म्हणजे त्या विद्येचाच प्रवास होय. अरबांनी ऊस इजिप्त, सिसिली व स्पेनपर्यंत नेला. पुढे पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी तो अटलांटिक महासागरातील मदेरा बेटात व नंतर आफ्रिकेच्या किनाऱ्यानजीकच्या साओ टोमे बेटात लावला. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून उसाचे मळे करविण्याची जी रीत या बेटांत पडली, तीच पुढे अमेरिकेत गेली. कोलंबस १४९३ साली दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्या गलबतांत उसाचे बेणे होते. सोळाव्या शतकात ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांचे मळे उभे राहिले. आणि १६४० नंतर इंग्रजांनी ब्राझीलमधील डचांकडून ही विद्या घेऊन वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटात उसाची लागण केली.

बार्बाडोस हे बेट विस्ताराने आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढेही नाही. १६२७ साली इंग्रज तेथे वसले, तेव्हा प्रथम तंबाखू व कापूस ही पिके घेत, आणि कामास इंग्लंड व आयर्लंडमधील गरीब गोरे मजूर काही वर्षांच्या करारावर येत. ऊस आला आणि सारे चित्र पालटले. लहान शेतकरी आपल्या जमिनी मोठ्या मळेवाल्यांस विकून निघून गेले, आणि १६८० च्या सुमारास बेटातील आफ्रिकी गुलामांची संख्या गोऱ्या रहिवाशांच्या जवळजवळ दुप्पट झाली. अवघ्या एका पिढीत हा पालट घडला. पुढे जमैका, सां-दोमिंग, क्यूबा इत्यादी ठिकाणी तोच प्रकार पुन्हा पुन्हा घडून आला.

मळा आणि घाणा

गुलाम कापसास लागले, तंबाखूस लागले, कॉफीसही लागले. परंतु उसाने जितकी माणसे खाल्ली तितकी अन्य कोणत्याही पिकाने खाल्ली नाहीत. याचे कारण बऱ्याच अंशी उसाच्या स्वभावातच आहे, आणि ज्याने आपल्याकडील गुऱ्हाळ पाहिले आहे त्यास ते सहज उमजेल. धान्य कापून खळ्यावर रचून ठेवता येते. कापूस वेचून कोठीत भरता येतो. तोडलेला ऊस मात्र कोणासाठी थांबत नाही. एक-दोन दिवसांत तो घाण्यात गेला नाही तर रस बिघडतो व साखर कमी उतरते. रस निघाला की तो लागलीच चुलवणावर चढवावा लागतो. म्हणून तोडणी, गाळप आणि रस आटविणे ही तिन्ही कामे एकमेकांस जखडलेली असतात. शेतात तोडणारा थांबला की घाणा थांबतो, आणि घाणा थांबला की धन्याचे भांडवल बुडू लागते. अशा कामास जो हुकूम मोडणार नाही, काम सोडून जाणार नाही आणि रात्र झाली म्हणून बसणार नाही, असा मजूर मळेवाल्यांस हवा होता. सभोवार जमीन मोकळी असता स्वखुशीचा मनुष्य असे काम पत्करीत नाही. तेव्हा ज्यास खुशी विचारावीच लागत नाही, असा मनुष्य त्यांनी विकत आणला.

मळ्यावरील कामाचा क्रम असा असे. लागणीपूर्वी साऱ्या रानात कुदळीने चौरस खड्डे खणावयाचे. नांगर ठाऊक असूनही बहुतेक मळेवाले हे काम हातांनीच करवीत. कारण हंगामासाठी बाळगलेले गुलाम एरवी रिकामे राहणे त्यांस परवडत नसे, व रिकामा गुलाम बंडाचा विचार करतो अशी धास्तीही असे. मग शेणखताच्या पाट्या डोक्यावरून वाहून खड्ड्याखड्ड्यांत टाकावयाच्या, कांड्या लावावयाच्या, आणि ऊस डोक्याएवढा होईपर्यंत उन्हात खुरपणी करावयाची. या कामासाठी गुलामांच्या टोळ्या पाडलेल्या असत. पहिल्या टोळीत धडधाकट स्त्री-पुरुष. दुसरीत बारा-पंधरा वर्षांची मुले व अशक्त माणसे. आणि तिसऱ्या टोळीत पाच-सहा वर्षांपासूनची बालके. ही बालके तण उपटीत व जनावरांसाठी गवत गोळा करीत, आणि त्यांजवर एखादी थकलेली म्हातारी देखरेखीस असे. मोठ्या टोळीमागे चाबूक घेऊन मुकादम उभा राही. हा मुकादम स्वतःही गुलामच असे, ही गोष्ट विसरता कामा नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमैकातील शेतटोळ्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचाच भरणा अधिक झाला होता. सुतार, लोहार, पिंपे करणारे, रस आटविणारे ही कसबाची कामे पुरुषांकडे जात; कुदळ आणि पाटी बायकांच्या वाट्यास येई. गरोदर बाईसही बाळंतपणाच्या थोडे अगोदरपर्यंत टोळीतून सुटका नसे.

हंगाम सुरू झाला की घाणा रात्रंदिवस चाले. दिवसभर शेतात राबलेली माणसे पाळीपाळीने रात्री घाण्यावर येत. उभ्या तीन लाटांत ऊस सारताना झोपेने डोळा लागला की बोटे आत जात, आणि बोटांमागून हात जाई. म्हणून घाण्याजवळ एक धारदार कुऱ्हाड तयार ठेवण्याची चाल होती. लाटा वेळेवर थांबविणे शक्य नसे. तेव्हा सबंध मनुष्य आत ओढला जाण्याऐवजी त्याचा हात तोडून टाकीत. आपल्या गुऱ्हाळांतही चरकात हात सापडल्याच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकल्या आहेत. परंतु तोडण्याचे हत्यार अगोदरच तयार ठेवणे, यावरून ही दुर्घटना किती नित्याची मानली गेली होती हे समजते. पलीकडे एकाच जाळावर ओळीने मांडलेल्या तांब्याच्या काहिलींतून उकळता रस पळ्यांनी उपसून एकीतून दुसरीत ओतीत. पाक नेमका केव्हा उतरवावा हे जाणणारा तेथील कसबी, म्हणजे आपल्याकडील गुळव्यासारखा मनुष्य, हाही गुलामच असे. त्याची किंमत बाजारात अधिक येई, एवढाच त्याच्या विद्येचा मान.

माणूस की मालमत्ता?

या व्यापाराचा एकंदर आकडा मनात सामावणे कठीण आहे. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गलबतांत कोंबण्यात आली. पैकी सुमारे १ कोटी ७ लाख अमेरिकेच्या किनाऱ्यास जिवंत लागली. उरलेली सुमारे १८ लाख माणसे समुद्रात गेली. गुलामगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संयुक्त संस्थानांतील कापसाचे मळे येतात; परंतु तेथे आफ्रिकेतून उतरलेल्या गुलामांची संख्या चार लाखांच्या आसपासच होती. त्याहून किती तरी पटींनी अधिक माणसे ब्राझील व वेस्ट इंडीज येथील साखरेच्या मुलखात उतरविली गेली.

याहून बोलका पुरावा शिरगणतीचा आहे. जमैका बेटात गुलामांच्या व्यापाराच्या काळात सुमारे दहा लाख आफ्रिकी माणसे आणली गेली. त्यांतील काही पुढे अन्यत्र विकली गेली हे धरले तरी, १८३४ साली तेथे गुलामांची संख्या अवघी ३ लाख ११ हजार भरली. बार्बाडोस बेटात साडेचार लाखांहून अधिक माणसे आणली, आणि १८३४ साली तेथे ८३ हजार उरली होती. ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या माणसे आणावी आणि अखेरीस आणलेल्यांहून थोडी उरावी, त्या देशात काय चालले असेल याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा. अनेक मळेवाल्यांचा हिशेब उघड होता. मूल जन्मास घालून वाढविण्यास खर्च फार. त्यापेक्षा तयार माणूस विकत घ्यावा, काही वर्षे राबवावा, आणि तो संपला की दुसरा आणावा.

कायदाही या हिशेबाच्या पाठीशी उभा होता. बार्बाडोसच्या १६६१ सालच्या कायद्याने, शिक्षा करीत असता गुलाम मेला तरी धन्यास दोष लागत नसे. १७८१ साली ‘झाँग’ नावाचे गुलामांचे गलबत जमैकास जात असता, पिण्याचे पाणी अपुरे पडेल या सबबीवर खलाशांनी १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात लोटून दिली, आणि मालकांनी बुडालेल्या मालाबद्दल विम्याची रक्कम मागितली. १७८३ साली लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिला, तो खुनाचा नव्हे, विम्याचा! खुनाबद्दल कोणासही शिक्षा झाली नाही.

आणि हे सारे कोणासाठी? इंग्लंडात १७०० साली माणशी वर्षास सुमारे ४ पौंड साखर लागे. १८०० साली ती १८ पौंडांवर गेली. चहाच्या पेल्यात साखर घालणारा इंग्लंडातील साधा गृहस्थ दुष्ट नव्हता. तो देवळात जाई, मुलांवर माया करी. घाण्याजवळची कुऱ्हाड त्याने पाहिलेली नव्हती, एवढेच. इतिहासातील पुष्कळसे पाप असेच न पाहणाऱ्यांच्या आधाराने चालत आले आहे.

साखर सोडणारे आणि मळे पेटविणारे

१७९१ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी संस्मरणीय आहे. पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचे विधेयक त्या वर्षी फेटाळले. तेव्हा इंग्लंडात घराघरांतून, विशेषतः स्त्रियांच्या पुढाकाराने, वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य करण्याची चळवळ सुरू झाली. थॉमस क्लार्कसन या कार्यकर्त्याच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख माणसांनी ती साखर सोडली. आपल्या देशातील स्वदेशीच्या चळवळीपूर्वी शंभराहून अधिक वर्षे घडलेला हा बहिष्कार होता. पुढील काळात काही दुकानदार हिंदुस्थानची साखर विकू लागले, आणि ‘ही साखर गुलामांनी केलेली नाही’ अशा अर्थाची अक्षरे साखरदाण्यांवर रंगविली जाऊ लागली. हे वाचून अभिमान वाटण्यापूर्वी आपण एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कंपनी सरकारच्या मुलखात दास्यास असलेली कायद्याची मान्यता १८४३ सालच्या ५ व्या कायद्याने गेली. तोवर आपल्या देशातही शेतीवर राबणारे दास होतेच. परक्याच्या मळ्यातील गुलाम जितका चटकन दिसतो, तितका आपल्या शिवारातील दिसत नाही.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात फ्रेंचांच्या सां-दोमिंग वसाहतीत गुलामांनी उठाव केला. तेथे सुमारे पाच लाख गुलाम होते, आणि युरोपात खपणाऱ्या साखरेचा फार मोठा वाटा या एका वसाहतीतून जात असे. काही आठवड्यांत उत्तरेच्या मैदानातील शेकडो मळे जळून गेले. पूर्वी स्वतः गुलाम असलेला तूसँ लूव्हेर्त्यूर या उठावाचा सेनानी झाला. १७९४ साली फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. १८०१ च्या अखेरीस नेपोलियनने ती पुन्हा लादण्यासाठी फौज पाठविली. तूसँ कैद होऊन १८०३ साली फ्रान्समधील किल्ल्यात मरण पावला. परंतु त्याच्या लोकांनी त्या फौजेचा पराभव केला, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जन्मास आले. गुलामांनी स्वतः उठून राज्य स्थापन केल्याचे असे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. परंतु १८२५ साली फ्रान्सने लढाऊ गलबते पाठवून, मळेवाल्यांच्या नुकसानीदाखल १५ कोटी फ्रँक द्यावेत, अशी मागणी केली. १८३८ साली ती रक्कम ९ कोटींवर आणली गेली. तथापि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे ओझे १९४७ सालापर्यंत त्या गरीब राष्ट्राच्या मानेवर राहिले. ज्यांस पळवून आणले, त्यांनीच पळविणाऱ्यास दाम मोजले.

१८३१ च्या नाताळात जमैकात सॅम्युअल शार्प या गुलामाच्या पुढारीपणाखाली मोठा उठाव झाला. शार्प हा ख्रिस्ती प्रार्थनासमाजातील उपदेशक असून साक्षर होता. विलायतेत मुक्तीची चर्चा चालू आहे, हे तो वर्तमानपत्रांतून वाची व आपल्या बांधवांस सांगे. नाताळनंतर मजुरी मिळाल्याखेरीज ऊस तोडावयाचा नाही, असा त्याचा मूळ बेत होता. त्यातून मळे पेटले. शेकडो गुलाम मारले गेले किंवा फासावर गेले, आणि १८३२ च्या मे महिन्यात शार्पलाही फाशी झाली. आम्ही आयुष्यभर मुलांस अक्षरे शिकविली; एका वाचता येणाऱ्या मनुष्याने काय होऊ शकते हे सांगण्यास याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पुढील वर्षीच पार्लमेंटने मुक्तीचा कायदा संमत केला.

भरपाई कोणास?

१८३३ चा हा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला व त्याने सुमारे आठ लाख गुलाम मुक्त ठरले. परंतु त्यातील तपशील पाहण्यासारखा आहे. सहा वर्षांखालील मुले तेवढी लागलीच मोकळी झाली. इतरांस ‘उमेदवार’ हे नाव देऊन आठवड्यास ४५ तासांपर्यंत बिनमजुरीने त्याच धन्याकडे राबण्याचे बंधन घालण्यात आले. ते १८३८ साली उठले. भरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड मंजूर केले. सरकारच्या त्या काळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के एवढी ही रक्कम होती, आणि तीसाठी काढलेल्या कर्जाचा अखेरचा भाग २०१५ साली फिटला. ही भरपाई मिळाली कोणास? मळेवाल्यांस! पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या गुलामास एक पैसा मिळाला नाही, एक गुंठा जमीन मिळाली नाही.

या मळेवाल्यांपैकी एक जॉन ग्लॅडस्टन. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे हे वडील. अडीच हजारांहून अधिक गुलामांबद्दल त्यांस एक लाखाहून अधिक पौंड मिळाले. याच गृहस्थांनी १८३६ च्या जानेवारीत कलकत्त्यातील एका पेढीस पत्र लिहून, दक्षिण अमेरिकेतील डेमेरारा येथील आपल्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर पाठविता येतील काय, अशी विचारणा केली. १८३८ साली ‘व्हिटबी’ व ‘हेस्परस’ ही दोन गलबते सुमारे चारशे मजूर घेऊन तेथे पोहोचली. एका हाताने गुलामांची किंमत घेतली, आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या जागी आपली माणसे मागविली.

मॉरिशस : गुलामाच्या जागी करारी मजूर

हाच प्रकार हिंदी महासागरातील मॉरिशस बेटात त्याहून अगोदर सुरू झाला होता; आणि येथे या इतिहासाचा आपल्या मराठी मुलखाशी प्रत्यक्ष संबंध येतो. फ्रेंचांनी मादागास्कर, मोझांबिक इत्यादी ठिकाणांहून गुलाम आणून वसविलेले हे बेट १८१० साली इंग्रजांनी घेतले. १८२५ साली त्याच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीची झाली, तेव्हापासून बेट उसाने भरून गेले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील साठ हजारांहून अधिक गुलाम मुक्त ठरले. मालकांस वीस लाखांहून अधिक पौंड मिळाले. मुक्त झालेली माणसे संधी मिळताच मळे सोडून निघून गेली, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु मळेवाल्यांनी अगोदरच तजवीज केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ हे गलबत हिंदी करारी मजुरांची पहिली लहानशी टोळी घेऊन पोर्ट लुई बंदरात पोहोचले. पुढील ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे त्या बंदरात उतरली. कलकत्ता व मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही गलबते गेली, आणि रत्नागिरी, सातारा या भागांतील मराठी कुटुंबे त्यांतून गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी साजरी करतात, व त्या दिवशी त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

करारी मजूर हा गुलाम नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. त्याची विक्री होत नसे, त्याचे मूल जन्मतः धन्याचे होत नसे, व करार संपला की तो कायद्याने मोकळा असे. तथापि मळा तोच होता, घाणा तोच होता, आणि पुष्कळदा झोपड्याही त्याच होत्या. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापावी, असा तेथे नियम होता. त्यास ‘दुहेरी कपात’ म्हणत. आजारी पडलेला मजूर महिनाअखेर धन्याचाच देणेकरी निघे. १८६७ च्या कायद्याने, करार संपलेल्या मजुरासही छायाचित्राचा परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या म्हणून अटक होई. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या सहृदय मळेवाल्याच्या साहाय्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांनी गव्हर्नराकडे अर्ज केला, व त्यावरून चौकशी समिती नेमली गेली. ही पद्धत मुळातूनच बंद करावी, असा ठराव १९१२ साली वरिष्ठ कायदेमंडळात मांडणारे पुरुष म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचे सुपुत्र नामदार गोपाळ कृष्ण गोखले होत. ठराव नामंजूर झाला. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९१७ साली, मजुरांची भरती थांबली.

मॉरिशसमध्ये आज दोन जागतिक वारसास्थळे आहेत. पळालेले गुलाम ज्याच्या कड्याकपारींत लपत, तो ल मोर्न पर्वत हे एक. आणि करारी मजूर ज्या पायऱ्यांवरून बेटात उतरत, तो आप्रवासी घाट हे दुसरे. एका पिकाची ही दोन स्मारके एकाच लहानशा बेटात आहेत.

जोतीराव आणि आपल्या दारचा ऊस

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो अर्पण केला अमेरिकेतील त्या सत्पुरुषांस, ज्यांनी आफ्रिकी गुलामांस दास्यमुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखविले. त्या वर्षी क्यूबा व ब्राझील येथे गुलाम अद्याप ऊस तोडीतच होते. क्यूबात गुलामगिरी १८८६ साली व ब्राझीलमध्ये १८८८ साली संपली. पुण्यात राहून जोतीरावांनी सातासमुद्रापलीकडील गुलामाचे दुःख ओळखले, कारण आपल्या दारातील शूद्रातिशूद्रांचे दुःख त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते. त्यांनी दूरचे आणि जवळचे असा भेद केला नाही.

आपण त्यांचे वारस म्हणवितो. ऊसबागाईतीत आपल्या समाजाने नाव मिळविले आहे. सासवडच्या माळी बागाईतदारांनी १९३२ साली स्वतःचे भांडवल उभारून माळीनगर येथे साखर कारखाना काढला, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु आता एक प्रश्न स्वतःस विचारण्याची वेळ आली आहे. आपल्या शेतातील ऊस तोडतो कोण? बीड व मराठवाड्यातील इतर कोरडवाहू मुलखांतून दरवर्षी लक्षावधी माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडावयाची असते, आणि एक दिवस खाडा झाला की दंड लावणारे मुकादमही आहेत. हा खाडा आणि मॉरिशसची ती दुहेरी कपात यांत फरक किती, हे वाचकांनीच ठरवावे. हे बोलणे कोणा एका कारखान्यास उद्देशून नाही, आणि ऊसतोड मजूर हा गुलाम आहे असेही आमचे म्हणणे नाही. तो या प्रजासत्ताकाचा मतदार नागरिक आहे. परंतु ऊस तोच आहे आणि त्याचा स्वभावही तोच आहे. तोडलेला ऊस थांबत नाही, आणि त्याची घाई अखेर दुबळ्यातील दुबळ्याच्या पाठीवर येऊन पडते.

आम्ही हे दुसऱ्यास दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोष आमच्याकडेही आहे. आमच्या शाळेच्या शिवारात दर हंगामास टोळ्या उतरत. त्यांची मुले पाचटात खेळत, वाढे गोळा करीत. त्यांची नावे पटावर नव्हती, म्हणून ती मुले आमची नव्हेत, असा आमचा सरळ हिशेब होता. एके वर्षी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावास काखेत घेऊन वर्गाच्या खिडकीशी उभी राहू लागली. आमच्या मुलांचा तेराचा पाढा अडखळला, तो तिने बाहेरून पुरा केला. आम्ही हसून तिला शाबासकी दिली आणि पुन्हा फळ्याकडे वळलो. तिला आत ये असे आम्ही म्हटले नाही. पंधरा दिवसांनी तळ उठला. पुढे साखरशाळा आल्या व हंगामातील मुलांस शाळेत घेण्याचे नियमही झाले. परंतु त्या दिवशी आम्हांस कोणत्याही नियमाने अडविले नव्हते. इंग्लंडातील तो चहा पिणारा गृहस्थ निदान मळ्यापासून हजारो मैल दूर होता. आमच्यात आणि त्या मुलीत केवळ एक खिडकी होती.

म्हणून समाजबांधवांस आमच्या तीन विनंत्या आहेत. ज्याच्या शेतात टोळी उतरेल त्याने त्या माणसांच्या पिण्याच्या पाण्याची, निवाऱ्याची व स्त्रियांच्या आडोशाची सोय आपल्या घरच्या माणसांची करावी तशी करावी. टोळीबरोबर आलेले प्रत्येक मूल दुसऱ्या दिवशी नजीकच्या शाळेत बसेल, हे स्वतः जाऊन पाहावे. आणि तिसरी विनंती आपल्या संस्थेस आहे. आपला शिष्यवृत्ती निधी आजवर केवळ ज्ञातीतील मुलांसाठी आहे; त्यातील काही भाग, जात न विचारता, ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी राखून ठेवावा. जोतीराव व सावित्रीबाई यांनी शाळा काढल्या त्या केवळ आपल्या ज्ञातीसाठी काढल्या नव्हत्या. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडण्याची आमची इच्छा आहे. तो संमत झाल्यास या वृद्ध शिक्षकाच्या माथ्यावरील ऋण थोडे तरी हलके होईल, एवढे लिहून वाचकांची रजा घेतो.